आधी आयपीडी नंबर विचारा

वाचकांचे प्रश्न

आजारपणासाठी मदतीची आवाहनं आणि त्यांच्याखाली पेटणारी राजकीय भांडणं, या विषयावर पत्रांचा ढीग साचला होता. दोन्ही गोष्टी एकाच ग्रुपवर, बहुतेकदा एकाच संध्याकाळी घडतात, म्हणून यावेळी त्या एकत्र घेतल्या आहेत. वैद्यकीय समाजसेवा आणि करसल्ला या कामांतल्या मंडळींनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: सोसायटीच्या ग्रुपवर आठ वर्षांच्या मुलाचा फोटो आला. 'थॅलेसेमिया, बोन मॅरो ट्रान्सप्लांट, १८ लाख हवेत' असा मजकूर आणि खाली क्यूआर कोड. पाठवणाऱ्याला विचारलं तर म्हणाले, 'मलाही असंच आलंय.' द्यायची इच्छा आहे, पण फसायचं नाही. नेमकं काय तपासू? (डोंबिवली)

क्यूआर कोडकडे जाण्याआधी मेसेजच्या डोक्यावर बघा. तिथे दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का असेल, तर मेसेज मूळ माणसापासून निदान पाच हातांतून फिरून आला आहे. म्हणजे तो खोटाच असतो असं नाही. पण एवढ्या फेऱ्यांत मूल बरं होऊन घरी गेलेलं असू शकतं, पैसे जमून गेलेले असू शकतात, किंवा मधल्या कुणी क्यूआर बदललेला असू शकतो. ओळखायला सगळ्यांत अवघड फसवणूक हीच. मूल खरं, आजार खरा, रुग्णालय खरं, कागदही खरे, फक्त खातं तिसऱ्याच माणसाचं.

मग मजकुरात रुग्णालयाचं नाव आणि शहर, उपचार करणारे डॉक्टर, आयपीडी नंबर (दाखल रुग्णाला रुग्णालय देतं तो क्रमांक) आणि एस्टिमेटची, म्हणजे खर्चाच्या लेखी अंदाजाची, तारीख आहे का ते पाहा. ट्रान्सप्लांटच्या बाबतीत मूल अजून दाखल झालेलं नसतं, कारण आधी पैशांची जुळवाजुळव आणि दात्याच्या तपासण्या चालू असतात. अशा वेळी आयपीडी नंबर नसेल, पण रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक असतोच. केसपेपरवर तो 'यूएचआयडी' किंवा 'एमआरडी नंबर' असा छापलेला असतो. तोही नसेल तर थांबा.

आता फोन करायचा, पण मेसेजमधल्या नंबरवर नाही. रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून बोर्डचा नंबर घ्या आणि बिलिंग विभाग किंवा समाजसेवा विभाग मागा. इथे बरेच जण एक चूक करतात. 'अमुक मुलाला खरंच थॅलेसेमिया आहे का?' असं विचारतात. रुग्णाची माहिती परक्याला द्यायची नसते, त्यामुळे पलीकडचा माणूस फोन ठेवतो आणि आपण 'काहीतरी गडबड आहे' असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. त्याऐवजी असं विचारा: 'या नंबरच्या रुग्णाच्या खात्यात मला ५,००० रुपये जमा करायचे आहेत, ते कसे करू?' हा प्रश्न त्यांच्या रोजच्या कामाचा आहे. नंबर खरा असेल तर ते रुग्णाचं नाव जुळवून बघतात आणि रुग्णालयाचा खाते क्रमांक किंवा क्यूआर देतात. नंबर खोटा असेल तर ते तिथल्या तिथे कळतं.

पैसे रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाचा नंबर शेऱ्यात लिहून भरा आणि डिपॉझिटची पावती रुग्णाच्या नावानं मागा. रुग्णालयांना यूपीआयनं भरायची मर्यादा ५ लाखांपर्यंत आहे, त्यामुळे 'मोठी रक्कम जात नाही, माझ्या खात्यावर टाका' ही सबब फारशी टिकत नाही. क्यूआर स्कॅन केला की रक्कम टाकायच्या आधीच बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर येतं. तिथे रुग्णालयाचं, ट्रस्टचं किंवा आवाहनात लिहिलेल्या नातेवाइकाचं नाव नसेल तर मागे फिरा.

एस्टिमेटचा फोटो सोबत असेल तर तोही नीट वाचा. खऱ्या एस्टिमेटवर तारीख, निदान, किती दिवस लागतील, खोलीचा वर्ग, 'अंदाजे' हा शब्द आणि सही-शिक्का असतो. फक्त 'एकूण १८,००,०००' असा आकडा आणि बाकी कोरा कागद असेल तर विचारपूस वाढवा. मुलाचा फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. तोच फोटो दुसऱ्या नावानं, दुसऱ्या शहरात निघाला तर पुढचं काही बघायची गरज उरत नाही.

थॅलेसेमियाच्या या आवाहनात आणखी एक गोष्ट घरच्यांच्या कानावर घाला. कोल इंडियाच्या सामाजिक निधीतून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे. जुळणारा दाता असेल आणि योजनेतल्या रुग्णालयात ट्रान्सप्लांट होणार असेल, तर त्यातून १० लाखांपर्यंत खर्च मिळतो. तुमच्या पाच हजारांपेक्षा ही माहिती त्या घराला जास्त कामाची ठरेल.

प्रश्न: मी दोनशे जणांच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. मदतीचं आवाहन पडलं की दहाव्या मिनिटाला 'सरकार झोपलंय का' आणि 'तुमच्या सरकारनं काय दिवे लावले' सुरू होतं. रुग्ण बाजूलाच राहतो. शिवाय कुणी काही भलतंसलतं लिहिलं तर मी अडकेन का? (नाशिक)

आधी कायद्याचं. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. त्यात त्याचा सामायिक हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसला पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पण दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर तुम्ही स्वतः पुढे ढकललात किंवा त्याला शाबासकी दिलीत, तर ती तुमची स्वतःची कृती होते.

आता भांडणाचं. ते पेटतं कारण आवाहन आणि चर्चा एकाच जागी चालते. आवाहन आलं की सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पाठवण्याचा अधिकार तीन-चार तासांसाठी फक्त ॲडमिनकडे ठेवा. खालोखाल एकच मेसेज टाका: 'रुग्णालयाशी बोलून खात्री केली आहे / केलेली नाही. प्रश्न मला खासगीत विचारा.' खात्री झाली नसेल तर तसं लिहायला लाजू नका. तुमच्या 'केली आहे'ला मग वजन येतं. एखाद्यानं पातळी सोडली तर ॲडमिनला तो मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसा, पण का पुसला ते त्या माणसाला वेगळं कळवा. गुपचूप पुसलेल्या मेसेजवरून दुसरं भांडण लागतं आणि ते पहिल्यापेक्षा लांबतं.

आणि 'मोफत उपचारांची योजना कुणी आणली' या वादात पडायचंच असेल तर निदान तारखांसकट पडा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि पुढे दोन्ही जोडल्या गेल्या. २०२३ मध्ये राज्यानं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत नेलं आणि योजना सगळ्या रहिवाशांना खुली करण्याचा निर्णय घेतला. एवढ्या वर्षांत मंत्रालयात कोण कोण बसून गेलं ते ग्रुपवर सगळ्यांना पाठ असतंच. ज्याला श्रेय वाटायचं आहे त्याला सगळ्यांना वाटावं लागेल. आमचा अनुभव असा की ही यादी टाकली की वाद शांत होत नाही, पण पंधरा मिनिटं बारीक होतो. तेवढ्या वेळात कुणीतरी रुग्णाच्या घरच्यांना विचारावं: 'रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटलात का?' योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात रुग्णाला योजनेसाठी मदत करणाऱ्या या आरोग्यमित्राचं टेबल असतं, आणि त्याच्याकडे न जाताच लोक वर्गणी मागायला लागतात. रुग्ण सत्तरीच्या पुढचा असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अटही नाही. आधार कार्डावर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं.

प्रश्न: एका पुढाऱ्याच्या फोटोसह 'आमच्या प्रयत्नांनी रुग्णास निधी मंजूर' अशी पोस्ट फिरतेय. विरोधी गटातले म्हणतात, हा प्रचार आहे. रुग्णाचे वडील कात्रीत सापडलेत. पुढाऱ्याकडे जाणं गरजेचं असतं का? आणि आचारसंहितेत हे पैसे थांबतात का? (सांगली)

जन आरोग्य योजनेसाठी कुणाचीही चिठ्ठी लागत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अर्ज वैद्यकीय कक्षाकडे थेट करता येतो. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातली मुलं कागद लावून देतात, ही त्यांची सेवा म्हणा किंवा मतांची पेरणी म्हणा. कागद नीट लागणार असतील तर मदत घ्यायला हरकत नाही. मात्र फोटो काढू द्यायचा की नाही हे रुग्णानं ठरवायचं, आणि 'नको' म्हटल्यानं मंजुरी अडत नाही.

अर्ज अडतो तो कागदांवर. विहित नमुन्यातला अर्ज, खासगी रुग्णालय असेल तर डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं एस्टिमेट, तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, आजाराचे रिपोर्ट आणि दाखल रुग्णाचा जिओ टॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो लागतो. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसी (रुग्णालयातली मेडिको-लीगल नोंद), अवयव प्रत्यारोपण असेल तर नोंदणीचा कागद. सगळ्यांत जास्त वेळ उत्पन्नाच्या दाखल्याला जातो, म्हणून दाखल झाल्या दिवशीच घरातल्या एकाला सेतू केंद्रात पाठवा. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. डिस्चार्ज घेऊन, बिल भरून झाल्यावर 'आता आमचे परत द्या' म्हटलं तर चालत नाही. इतकी धावपळ करूनही रिकाम्या हातानं परतणाऱ्यांत या एका कारणानं परतणारे बरेच असतात.

आचारसंहितेचं उत्तर सोपं आहे. कर्करोग, हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण अशा गंभीर आजारांसाठी पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री निधीतून रुग्णाला वा रुग्णालयाला थेट पैसे द्यायला निवडणूक आयोगाची वेगळी परवानगी लागत नाही. 'आचारसंहिता आहे, निकालानंतर या' असं कुणी सांगितलं तर हे दाखवा.

याच कक्षाच्या रांगेत उभं राहण्याआधी आणखी एक दार ठोठावून पाहा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी ती बिलांच्या २ टक्के रक्कम 'इंडिजंट पेशंट्स फंड' (आयपीएफ) या वेगळ्या निधीत टाकतात. नावापुढे 'ट्रस्ट' किंवा 'फाउंडेशन' असलेलं रुग्णालय असेल तर समाजसेवा अधीक्षकांना थेट विचारा, 'आयपीएफमधून काही होईल का?' हा शब्द ऐकला की बोलण्याचा सूर बदलतो.

प्रश्न: निधी जमवणाऱ्या ॲपवर १,००० रुपये दिले तर खात्यातून जास्त गेले. हे काय? आणि करसवलत मिळेल का? (पुणे)

त्याला 'टिप' म्हणतात. ती आधीच भरून ठेवलेली असते. पैसे भरायच्या पडद्यावर ती बदलता येते, शून्यही करता येते, पण पर्याय बारीक अक्षरात असतो. ॲप चालवायला खर्च येतो हे खरं, म्हणून द्यायची तर द्या, फक्त बघून द्या. करसवलत एका व्यक्तीच्या उपचारासाठी दिलेल्या पैशांवर मिळत नाही. ती प्राप्तिकर कायद्यातली ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलं तरच, जुनी करपद्धत निवडली असेल तरच, आणि रोखीत २,००० रुपयांच्या वर दिलं तर अजिबात नाही.

प्रश्न: 'अपघातात दाम्पत्य गेलं, चार किडन्या उपलब्ध, गरजूंपर्यंत पोहोचवा' आणि 'रक्ताच्या कर्करोगावरचं औषध चेन्नईत मोफत' हे मेसेज आमच्या ग्रुपवर दरवर्षी येतात. पुढे पाठवलं तर नुकसान काय? (लातूर)

नुकसान होतं. पहिल्या मेसेजमुळे डायलिसिसवरच्या माणसाचे घरचे रात्रीअपरात्री त्या नंबरवर फोन करत बसतात. ब्रेनडेड रुग्णाची किडनी अशी 'उपलब्ध' होऊन गावभर फिरत नाही. काढल्यानंतर ती बर्फात साधारण दीड दिवसापेक्षा जास्त टिकत नाही, आणि कायद्यानं ती प्रतीक्षायादीप्रमाणेच जाते. महाराष्ट्रात हे काम मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या करतात. यादीत नाव लागतं ते उपचार करणाऱ्या रुग्णालयामार्फत. फॉरवर्डनं ते वर सरकत नाही.

दुसऱ्या मेसेजमध्ये औषधाचं नाव 'इमिटिनेफ मर्सिलेट' असं येतं. हे खरं तर 'इमॅटिनिब मेसिलेट' या नावाचं बिघडलेलं रूप आहे. इमॅटिनिब खरं औषध आहे आणि सीएमएल या एका प्रकारच्या रक्तकर्करोगावर ते फार चांगलं चालतं. सगळ्या रक्तकर्करोगांवर चालत नाही. मेसेजमध्ये नाव असलेल्या अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटनं या दाव्याचा इन्कार केलेला आहे, तरी लोक गाडीभाडं काढून चेन्नईला जायला निघतात.

रक्ताच्या मागणीच्या मेसेजचं थोडं वेगळं आहे. त्यात तारीख, वेळ आणि 'मिळालं की कळवीन' हे तिन्ही नसेल तर पुढे पाठवू नका. रक्त मिळालं की ज्यानं मेसेज टाकला त्यानंच तो पुसायचा. पुसला नाही तर तो वर्षानुवर्षं फिरतो. साठा किती आहे ते ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर पेढीनुसार दिसतं.

प्रश्न: १६ कोटींच्या इंजेक्शनसाठीचं आवाहन आलं की 'एका मुलावर एवढे? त्यात हजार मुलं वाचतील' असा वाद होतो. खरंच एवढी घाई असते का? (ठाणे)

घाई खरी असते. ही आवाहनं असतात स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी म्हणजे एसएमए या, स्नायू दुबळे करत नेणाऱ्या जनुकीय आजारासाठी. त्यावरचं झोल्गेन्स्मा हे इंजेक्शन अमेरिकेत दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मंजूर आहे आणि मात्रा वजनावर ठरते. दर आठवड्याला स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी कमी होत जातात आणि गेलेल्या परत येत नाहीत. म्हणून त्या आवाहनांत तारीख लिहिलेली असते. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकवर्गणीतून ही रक्कम उभी राहिली आणि केंद्रानं सीमाशुल्क व जीएसटी माफ केला, तेव्हापासून हा वाद महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला.

हजार मुलांचा हिशेब मांडणाऱ्यांचं म्हणणं धोरण म्हणून चुकीचं नाही. फक्त तो हिशेब त्या बाळाच्या आईच्या पोस्टखाली मांडू नये. धोरणावर बोलायचं तर विषय भरपूर आहेत. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली रुग्णामागे ५० लाखांपर्यंतच मदत मिळते, आणि त्यासाठी ठरावीक उत्कृष्टता केंद्रांत नोंदणी लागते. मुंबईत ते केईएम रुग्णालय आहे. आवाहन करणाऱ्या कुटुंबानं तिथे नोंद केली आहे का, हे विचारणं योग्य. याच आजारावरचं तोंडानं घ्यायचं औषध रिसडिप्लॅम. पेटंटच्या कोर्टकज्ज्यानंतर २०२५ मध्ये त्याची जेनेरिक आवृत्ती भारतात आली आणि बाटलीमागे लाखांतली किंमत हजारांत उतरली. ते रोज घ्यावं लागतं आणि कोणत्या मुलाला काय द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. पण '१६ कोटी नाहीतर काहीच नाही' ही स्थिती आता राहिलेली नाही.

प्रश्न: माझ्या मावसभावासाठी आवाहन लिहायचं आहे. कसं लिहू? पैसे माझ्या खात्यावर घेतले तर चालतील का? (सातारा)

शक्यतो घेऊ नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की ती सगळीच करपात्र धरली जाऊ शकते. आणि कायद्याच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडं नातेवाईक नाहीत. रुग्णालयाच्या खात्यातच घ्या. औषधं बाहेरून आणायची असतील तर रुग्ण आणि त्याची पत्नी किंवा आई यांचं वेगळं संयुक्त खातं उघडा. रोजच्या घरखर्चाचं खातं वापरलंत तर महिन्याभरात तुम्हालाही हिशेब लागणार नाही. लाखांत रक्कम जाणार असेल तर आधी सीएशी बोला.

मजकूर छोटा ठेवा. साधारण असा:

'रुग्ण: (नाव, वय, गाव). रुग्णालय व आयपीडी नंबर: ____. निदान: ____. एस्टिमेट ____ तारखेचं, रु. ९ लाख. जन आरोग्य योजनेतून मंजूर: रु. ____. कुटुंबानं उभे केलेले: रु. ____. अजून हवेत: रु. ____. रुग्णालयाचं खातं: ____. खात्रीसाठी फोन: (नाव, नातं, नंबर), संध्याकाळी ६ ते ९. हे आवाहन ____ तारखेपर्यंतच.'

'अजून हवेत' ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची. पूर्ण ९ लाख मागणाऱ्याला लोक कचरतात, २ लाख ३० हजार मागणाऱ्याला देतात. शेवटची तारीख घालाच. रक्कम जमली की त्याच ग्रुपवर 'थांबवा' लिहा. नळ्या लावलेला फोटो टाकू नका, शुद्धीवर नसलेल्या माणसाची त्याला संमती नसते, आणि तोच फोटो उचलून दुसरा कुणी दुसऱ्या नावानं फिरवतो. आधार, पॅन आणि रेशनकार्डाचे फोटो तर मुळीच नकोत. आवाहनात कुठल्याही सरकारबद्दल एक शब्द लिहू नका, राग खरा असला तरी. निम्मे वाचक तिथेच दुसऱ्या बाजूला जातात.

प्रश्न: चुकीच्या क्यूआरवर पैसे गेले. आता? (जळगाव)

१९३० वर लगेच फोन, मग बँकेला, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. 'परतावा पाठवतो, पिन टाका' असा फोन आला तर ती दुसरी फसवणूक आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

प्रश्न: आमच्या कॉलनीनं रुग्णासाठी पैसे जमवले. रुग्ण वारला. रुग्णालयात दोन लाखांच्या आसपास शिल्लक आहे. कुणाची? (अमरावती)

रुग्णालय डिपॉझिटची शिल्लक सहसा जवळच्या वारसाला चेकनं किंवा खात्यावर परत करतं. त्यासाठी मूळ पावत्या आणि मृत्यूचा दाखला लागतो. कायद्यानं वारसाच्या हाती आली तरी दिलेली होती उपचारासाठी, म्हणून ज्यांनी दिली त्यांना विचारणं योग्य. तेरावं झाल्यावर, आधी नाही. ग्रुपवर एकच मेसेज टाका: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, आणि तीन पर्याय. ज्यांना हवे त्यांना परत, मुलांच्या शिक्षणासाठी त्या घरालाच, किंवा त्याच रुग्णालयाच्या गरीब रुग्ण निधीत. बहुतेक लोक दुसरा पर्याय निवडतात. आठ दिवस थांबा, उत्तर न देणाऱ्यांचा होकार धरा असं आधीच लिहा, आणि शेवटी पावतीचा फोटो टाकून तो धागा बंद करा.